चौलची जत्रा आणि नाताळचे बाजार

जर्मनीतील न्यूरेम्बर्ग शहरी नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मुलांकडे त्यांचे आईवडील हिवाळ्यात गेले, म्हणजे मुले त्यांना हटकून एका ठिकाणी घेऊन जातात. ते ठिकाण म्हणजे शहराच्या मुख्य चौकात भरणारा नाताळचा बाजार. लाकडी खांबांची दुकाने, वर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे कापड, दिव्यांच्या माळा, भाजलेल्या बदामांचा व दालचिनीचा वास, आणि अंगाला अंग घासत चाललेली माणसे. सायंकाळी सव्वाचारच्या सुमारास तेथे सूर्य मावळतो, त्यामुळे दिव्यांची शोभा लवकर सुरू होते. अशा वेळी अलिबाग, चौल, रेवदंडा या बाजूची एखादी आई असेल, तर दोन फेऱ्या झाल्यावर ती म्हटल्यावाचून राहत नाही, ‘‘अरे, ही तर आपली दत्ताची जत्रा!’’

मुलगा हसतो व विषय बदलतो. परंतु आईचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ते कोठवर खरे आहे व कोठे खरे नाही, हे पाहण्याजोगे आहे; आणि ते पाहता पाहता दुसराही एक प्रश्न उभा राहतो. मुलाने आईला हजारो मैल नेऊन परक्या गावचा बाजार दाखविला, हे उत्तमच झाले. पण घराजवळची जत्रा त्याने तिच्याबरोबर शेवटची केव्हा पाहिली?

प्रथम शब्दांकडे वळू. ‘जत्रा’ हा शब्द ‘यात्रा’ या संस्कृत शब्दापासून आला. देवाकडे जाणे हा त्याचा मूळ अर्थ. पण आज ‘जत्रेला चाललो’ असे कोणी म्हटले, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे देवळाच्या आधी पाळणे व खेळणी येतात. हा अर्थबदल केवळ मराठीतच झाला असे नाही. जर्मन भाषेत मोठ्या व्यापारी प्रदर्शनास ‘मेस्से’ म्हणतात, आणि हाच शब्द ख्रिस्ती देवळातील मुख्य उपासनेचाही आहे. इंग्रजी ‘फेअर’ हा शब्द लॅटिनमधील ‘फेरिया’, म्हणजे सणाचा दिवस, यापासून निघाला. जेथे देवाच्या दिवशी माणसे जमली, तेथे कोणीतरी पाटी मांडून बसले, एवढाच या सर्व शब्दांचा इतिहास आहे. आणि ‘नाताळ’? तो तर आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. ‘नाताल’ म्हणजे त्यांच्या भाषेत ख्रिस्तजन्माचा सण. त्या शब्दाने ज्या किनाऱ्यांवर पाय ठेवला, त्यांतलाच चौल-रेवदंड्याचा किनारा होय.

युरोपातील हे बाजार जुने आहेत. ड्रेस्डेनचा बाजार १४३४ पासूनचा मानतात. आरंभी तो नाताळापूर्वी एकच दिवस भरणारा मांसाचा बाजार होता, कारण सणाआधीचे उपवासाचे दिवस संपवून लोकांना सणाच्या जेवणाची तयारी करावयाची असे. पुढे तेथे ‘श्ट्रीत्सेल’ नावाची सुक्या मेव्याची लांबट गोड पोळी विकली जाऊ लागली व बाजाराला तिचेच नाव पडले. स्ट्रासबुर्गचा बाजार १५७० चा. त्यापूर्वी तेथे संत निकोलसच्या नावाने बाजार भरे. ल्यूथरच्या सुधारणेनंतर संतांची पूजा मागे पडली, आणि मुलांना भेटी देण्याचे काम संताकडून बाळ ख्रिस्ताकडे आले. देव बदलला, पण दुकाने राहिली. न्यूरेम्बर्गच्या बाजाराचा सर्वांत जुना पुरावा एका लाकडी डबीवर आहे. तीवर १६२८ हे साल असून ती त्या बाजारातून भेट आल्याचे लिहिले आहे. राजाज्ञेपेक्षा असला पुरावा अधिक बोलका म्हटला पाहिजे. कोणीतरी कोणासाठी काहीतरी विकत घेतले, ते जपून ठेवले, आणि त्यावरून बाजाराचे वय कळले.

याच बाजाराने वाईट दिवसही पाहिले. दुसऱ्या महायुद्धात तो बंद पडला. २ जानेवारी १९४५ च्या बाँबवर्षावात जुने न्यूरेम्बर्ग जवळजवळ भुईसपाट झाले. १९४८ साली पडक्या घरांच्या मधोमध बाजार पुन्हा भरला. घरे उभी राहण्याच्या आधी लोकांनी दुकाने मांडली.

तेथे मिळणाऱ्या जिनसांत ‘लेबकूखन’ नावाची मसाल्याची गोड वडी प्रसिद्ध आहे. न्यूरेम्बर्गच्या भोवतालच्या जंगलात मध मुबलक होता. पण दालचिनी, सुंठ, लवंग, वेलदोडा हे तेथले नव्हेत. ते मलबार, सिंहलद्वीप व त्याहून पूर्वेकडून अरबी समुद्र ओलांडून, तांबड्या समुद्राच्या वाटेने व्हेनिसला आणि तेथून आल्प्सपलीकडे जात. त्या समुद्रव्यापारात पश्चिम किनाऱ्यावरील जी बंदरे सामील होती, त्यांत चौल हे एक नामांकित बंदर होते. टॉलेमीच्या भूगोलातील ‘सिमुल्ला’ म्हणजे चौल, असे विद्वान मानतात. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी हिंदुस्थानात आला, तो चौललाच उतरला. पुढे येथील रेशमी व सुती कापडाची ख्याती दूरवर पसरली. १५२१ पासून पोर्तुगीजांनी रेवदंड्यास ठाण मांडले, ते १७४० मध्ये मराठ्यांच्या हाती ते ठाणे जाईपर्यंत. तेव्हा न्यूरेम्बर्गच्या चौकात चौलच्या आईला घरची आठवण यावी, यात निव्वळ गर्दीचे साम्य नाही. नाकाला ओळखीचा वासही आहे.

आता फरक पाहा. न्यूरेम्बर्गचा बाजार नाताळापूर्वी सुमारे चार आठवडे भरतो आणि २४ डिसेंबरला दुपारी उठतो. सण सुरू झाला की बाजार संपला, कारण तो सण घरात साजरा करावयाचा असतो व बाजार ही त्याची तयारी. चौलच्या भोवाळे येथील दत्ताच्या टेकडीखालची जत्रा दत्तजयंतीला सुरू होते आणि पाच दिवस चालते. सण आधी, बाजार बरोबरीने व मागाहून. येथे माणूस घर सोडून देवाच्या गावी जातो आणि दर्शन झाल्यावर घरी काहीतरी घेऊन परततो. तिकडे बाजारातून घरच्या सणाला जावयाचे, इकडे सणातून बाजारमार्गे घरी यावयाचे. जत्रेहून आलेल्या माणसाच्या पिशवीत हात घालणारी मुले जिने पाहिली आहेत, तिला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेची. बारा चांद्रमास म्हणजे सुमारे ३५४ दिवस, म्हणून ही तिथी दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते आणि अधिक मास पडला की पुन्हा पुढे जाते. २०२३ साली ती २६ डिसेंबरला होती, २०२४ साली १४ डिसेंबरला, २०२५ साली ४ डिसेंबरला. २०२६ ची तिथी २३ डिसेंबर. एकोणीस वर्षांनी चंद्र आणि सूर्य यांचा मेळ जवळजवळ पुन्हा तसाच जमतो. २००४ सालची दत्तजयंतीही २६ डिसेंबरलाच होती. यामुळे काही वर्षी असा योग येतो की, कुंडलिकेच्या खाडीच्या उत्तरेस चौलला जत्रा भरलेली असते, आणि त्याच आठवड्यात दक्षिणेस कोर्लई गावी नाताळ असतो. युरोपात नाताळचा बाजार पाहून आलेल्या माणसाने असे वर्ष साधून इकडे यावे. जत्रा आणि नाताळ यांच्यामध्ये येथे केवळ एक पूल आहे.

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर जत्रांचा हंगाम कार्तिकात सुरू होतो. आवासचा नागोबा, कनकेश्वर, वरसोलीचा विठोबा अशा जत्रा होत होत चौलच्या दत्तापर्यंत तो येतो. हे दिवस कोणा पंडिताने सोयीसाठी निवडलेले नसले, तरी सोयीचे खासच आहेत. पाऊस सरलेला, भात झोडून घरात आलेले, वाटा सुकलेल्या, समुद्र शांत, आणि शेतकऱ्याच्या व कोळ्याच्या हातात चार पैसे. जुन्या काळी वर्षाची खरेदी याच दिवसांत होई. विळे, कोयते, तवे, पाटे-वरवंटे, सुपे, टोपल्या, घोंगड्या, चादरी या वस्तू रोज मिळत नसत. त्यांसाठी जत्रेची वाट पाहावी लागे. लहान मुलांची शिट्टी आणि खाजा हा त्या खरेदीवरचा वर्ताळा. आज प्लास्टिकची खेळणी व तयार कपडे यांनी पुष्कळ जागा व्यापली आहे, आकाशपाळणे उंच झाले आहेत, कर्णे तर फारच कर्कश झाले आहेत. तरीही लोखंडी तव्याचे व लाकडी पोळपाटाचे दुकान शोधले तर सापडते, आणि ते कसे शोधावे हे घरातील वडील माणसालाच ठाऊक असते.

येथेच आईचा प्रश्न येतो. मुंबईत किंवा पुण्यात स्थायिक झालेला पन्नाशीचा मुलगा आणि पंचाहत्तरीची आई, असे चित्र डोळ्यांपुढे आणावे. मुलगा म्हणतो, ‘‘आई, गर्दीत कशाला? मी तुला मोटारीतून सगळे दाखवतो.’’ हे बोलणे प्रेमाचे खरे, पण मोटारीच्या काचेतून जत्रा दिसत नाही. आईला तेथे काही ‘पाहावयाचे’ नसते. तिला तवा हाताने वाजवून पाहावयाचा असतो, भाव करावयाचा असतो, ओळखीचे कोणी भेटते का हे बघावयाचे असते. मुलाने त्या दिवसापुरते आपण आईला नेत आहोत हे विसरावे आणि आई आपल्याला नेत आहे असे समजावे. मग पुष्कळ गोष्टी आपोआप सोप्या होतात.

जाण्याची वाट सुखाची आहे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यापर्यंत मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट २०२० पासून सुरू झाली आहे. सुमारे तासाभरात ती पलीकडे पोहोचते. गेट वेपासून मांडव्यास जाणाऱ्या साध्या बोटी पावसाळ्यात बंद असतात, पण जत्रेच्या दिवसांत चालू असतात. तरीही या बाजूचे एखादे वृद्ध माणूस बोटीचे नाव काढताच गप्प झाले, तर त्याला भित्रे म्हणू नये. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. या किनाऱ्यावरील कित्येक घरांत ती गोष्ट अजून सांगितली जाते. ज्यांना नको असेल त्यांनी पेण-वडखळमार्गे रस्त्याने यावे. अलिबागहून पुढे आक्षी, नागाव, चौल असा नारळी-पोफळींतून जाणारा रस्ता आहे. आक्षीचा शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे १०१२ सालचा असून मराठीतील अत्यंत जुन्या लेखांत तो गणला जातो. मुलाला तेथे थांबावेसे वाटेल. आईला जत्रेची घाई असेल. त्या दिवशी आईचे ऐकावे, शिलालेख हजार वर्षे थांबला आहे.

पौर्णिमेच्या सायंकाळी गर्दीचा कळस असतो. वडील माणसाबरोबर जाणाऱ्यांनी दुसऱ्या वा तिसऱ्या दिवशीची सकाळ गाठावी. चुकामूक झाल्यास कोठे भेटावयाचे ते आधीच ठरवावे, कारण गोंगाटात दूरध्वनी ऐकू येतोच असे नाही. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, खर्चाचे पैसे आईच्या हातात आधीच सुट्ट्या नोटांनी देऊन ठेवावेत. ज्या बाईने पन्नास वर्षे घर चालविले, तिने शंभर रुपयांच्या परातीसाठी दहा वेळा मुलाच्या तोंडाकडे पाहावे, आणि मुलाने दुकानदारापुढे खिशातला फोन धरावा, यात तिची जत्रा संपते. भाव तिनेच करावा. दहा रुपये जास्त गेले तरी जाऊ द्यावेत.

न्यूरेम्बर्गलाही हाच नियम लागू आहे. तेथे ‘ग्लूवाइन’ नावाचे कढत पेय सुंदर कपातून देतात. ते मसालेदार असले तरी द्राक्षाचे मद्य आहे, हे आईला आधी सांगावे. मुलांसाठी असते ते बिनमद्याचे फळांचे कढत पेय तिला खुशाल द्यावे. कपासाठी वेगळे पैसे ठेवून घेतात व कप परत केला की ते परत देतात. ही रीत समजावून सांगताना मुले उगाच त्रेधा उडवून घेतात; सोड्याच्या रिकाम्या बाटलीचे पैसे आईने लहानपणी कितीदा परत आणलेले असतात. कप परत करावयास तिलाच पाठवावे. परभाषेच्या गावात नाणी मोजून घेण्याचा तो एक व्यवहार तिने स्वतः केला, तर तो बाजार तिचा होतो. पायाखालचे दगडी चौक मात्र थंडीत निसरडे असतात. जाड तळव्याचे बूट व हात धरण्यास माणूस, या दोन्ही गोष्टी हव्यात. शाकाहारी माणसाने भाजलेले बदाम व चेस्टनट यांवर भागवावे. वडीत अंडे असू शकते.

चौलला पोटाची चिंता नाही. रायगडच्या किनाऱ्यावर थंडी पडली की वालाच्या शेंगांची पोपटी लागते. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून, त्यात शेंगा भरून, मडके उलटे घालून भोवती जाळ करतात. पाणी नाही, तेल नाही. पाल्याच्या वाफेवर शेंगा शिजतात. शेंगांचा बहर त्या वर्षी लवकर आला असेल, तर जत्रेहून परतताना कोणाच्या तरी वाडीत हा वास येतोच. न्यूरेम्बर्गच्या चेस्टनटांना जर कोठे जोड असेल, तर ती येथे आहे.

मग राहते टेकडी. दत्ताचे देऊळ वर आहे आणि चढावयास शेकडो पायऱ्या आहेत. बाजार पायथ्याशी. मुलाच्या मनातील खरी धास्ती हीच असते, आणि आईच्या मनातील खरी इच्छाही हीच. पूर्वी याच पायऱ्या ती त्याला कडेवर घेऊन चढलेली असते. तो म्हणतो, ‘‘गुडघे दुखतील, खालूनच नमस्कार कर.’’ ती काही बोलत नाही. ते न बोलणे फार बोलके असते. वैद्याने स्पष्ट नको म्हटले असेल, तर प्रश्न मिटला. तसे नसेल, तर तिला चढू द्यावे. पण किती पायऱ्या चढावयाच्या हे तिने ठरवावे, मुलाने नव्हे. सकाळच्या थंड वेळी, दर वीस पायऱ्यांवर बसत, बरोबर पाणी ठेवून, मागे एक माणूस ठेवून पुष्कळ वृद्ध वर पोहोचतात. काही पोहोचत नाहीत. त्यांच्यासाठी आपल्या परंपरेत सुंदर सोय आहे. पंढरपूरला गर्दीमुळे ज्याला विठ्ठलापर्यंत जाता येत नाही, तो कळसाचे दर्शन घेऊन परततो, आणि त्याची वारी अपुरी राहिली असे कोणी म्हणत नाही. शंभराव्या पायरीवर बसून जिने वर पाहून हात जोडले, तिचीही जत्रा पुरी झाली. मात्र हे तिला मुलाने खाली उभे राहून शिकवू नये. त्याने शंभराव्या पायरीवर तिच्याशेजारी बसावे. तेथून झाडांच्या शेंड्यांपलीकडे समुद्र दिसू लागला, की तीच सांगू लागते, कोणत्या वर्षी कोण कोण आले होते, कोणाचा हात सुटून कोण हरवले होते, आणि बाबांनी त्या वर्षी काय विकत घेतले होते. घरी बसून विचारले असते, तर यातले निम्मेही तिला आठवले नसते.

उतरल्यावर दुपार मोकळी असते. रेवदंड्याच्या पुलावरून कुंडलिकेची खाडी ओलांडली की थोड्याच अंतरावर कोर्लई. डोंगरावर किल्ला, समुद्रकाठी वस्ती, गावात माउंट कार्मेल मातेचे देऊळ. येथील ख्रिस्ती लोक घरात एक पोर्तुगीज-मिश्र बोली बोलतात. बोलणारे सुमारे हजारच, पण पोर्तुगीज अंमल संपून २८० वर्षांहून अधिक काळ लोटला तरी ती जिवंत आहे. क्लेमेंट्स या अमेरिकन भाषापंडिताने तिच्यावर १९९६ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण पुष्कळशी मराठी. क्रियापद आपल्यासारखे शेवटी. सणाच्या दिवसांत लोकांच्या उपासनेत व्यत्यय येणार नाही अशा बेताने, आवाज लहान ठेवून जावे. मोठा बाजार येथे नाही. कागदी चांदण्या, गव्हाणीचा देखावा, दारात नवे कपडे घातलेली मुले. न्यूरेम्बर्गच्या झगमगाटामागे जो सण असतो, तो येथे साधेपणाने दिसतो.

आणि आईच्या पिशवीत सकाळी जत्रेत घेतलेली परात असते. ‘परात’ हा शब्द पोर्तुगीज ‘प्रातु’ म्हणजे ताट, यावरून आला असे कोशकार सांगतात. ‘बालदी’, ‘घमेले’, ‘चावी’ हेही त्याच वाटेने आले. जत्रेतला भांडीवाला सकाळभर हेच शब्द ओरडत असतो. ज्यांच्या तोंडून ते या किनाऱ्याने प्रथम ऐकले, त्यांची बोली खाडीपलीकडच्या या गावात अजून चालते. मुलाने ही व्युत्पत्ती आईला सांगितली, तर ती परात उलटसुलट करून बघेल आणि बहुधा एवढेच म्हणेल, ‘‘असेल बाबा. पण बूड जाड आहे की नाही?’’